सिस्त्रम, खक्खर आणि घुंगुरकाठी

नाशिक शहराच्या दक्षिणेस सुमारे आठ किलोमीटरवर असलेल्या लेण्यांना लोक आजही पांडवलेणी म्हणतात. पांडवांचा या लेण्यांशी काडीचाही संबंध नाही, हे या नियतकालिकाच्या वाचकांस नव्याने सांगावयास नको. तेथील शिलालेखांतच डोंगराचे नाव तिरण्हु, म्हणजे त्रिरश्मी, असे कोरलेले आहे. या चोवीस लेण्यांपैकी सतराव्या लेण्यातील लेखाकडे आम्ही प्रथम वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो. हे लेणे, त्यातील चैत्यगृह आणि पाण्याच्या पोढी ज्याने दान दिल्या, तो इंद्राग्निदत्त स्वतःला उत्तरेकडचा, दत्तामित्री नगरीचा आणि योनक म्हणवितो. त्याच्या पित्याचे नाव धम्मदेव, पुत्राचे नाव धम्मरक्षित. मातापित्यांच्या पुण्यार्थ आणि सर्व बुद्धांच्या पूजेसाठी हे दान त्याने चारी दिशांच्या भिक्खुसंघास दिले. योनक म्हणजे ग्रीक वंशाचा माणूस. दोन हजार वर्षांपूर्वी गोदावरीच्या काठी असा माणूस येतो, धम्माचा उपासक होतो आणि त्याच्या दानाने खोदलेल्या लेण्यात कोणत्याही देशाचा, कोणत्याही कुळाचा भिक्खू वर्षावास करू शकतो. त्या काळाचे जग आपण समजतो तितके लहान नव्हते.

याच जगाचे दुसरे टोक अलीकडे इजिप्तच्या वाळूत सापडले. तांबड्या समुद्राच्या काठी बेरेनिके नावाचे एक प्राचीन बंदर आहे. इ.स.पू. 275 च्या सुमारास राजा दुसरा टॉलेमी याने ते वसविले व आपल्या आईचे नाव त्याला दिले. सम्राट अशोकाच्या तेराव्या शिलालेखात ज्या तुरमय राजाच्या देशापर्यंत धम्मविजय पोहोचल्याचे म्हटले आहे, तो हाच टॉलेमी. या बंदरातील इसिस देवीच्या मंदिराच्या प्रांगणात 2022 साली पोलिश व अमेरिकन पुरातत्त्वज्ञांना संगमरवरी बुद्धमूर्ती मिळाली आणि 2023 च्या एप्रिलमध्ये ती वार्ता प्रसिद्ध झाली. मूर्ती 71 सेंटिमीटर उंच आहे, मस्तकामागे किरणांचे प्रभामंडळ आहे, बाजूस कमळ आहे. संशोधक ती इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातील मानतात. मूर्तीबरोबरच तेथील उत्खननात रोमन सम्राट फिलिप याच्या कारकिर्दीतील (इ.स. 244 ते 249) संस्कृत शिलालेख आणि सातवाहनांची दोन नाणी मिळाली. नाशिकच्या माणसाला सातवाहनांचे नाणे परके नाही. 1906 साली जिल्ह्यातील जोगलटेंभी येथे नहपानाच्या तेरा हजारांहून अधिक चांदीच्या नाण्यांचा साठा निघाला होता आणि त्यांतील बहुसंख्य नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला शिक्का पुन्हा ठोकलेला होता. त्याच राजवंशाची दोन नाणी समुद्रापलीकडे, जेथे तथागतांची मूर्ती होती त्या नगरात पडून राहिली.

बेरेनिकेची ही वार्ता आपल्याकडे पुष्कळ वाचली गेली. मूर्ती कोणत्या मंदिरात होती, याकडे मात्र फारसे कोणी पाहिले नाही. इसिसची पूजा म्हटली की एक वाद्य तिच्यापासून वेगळे करता येत नाही. त्याचे नाव सिस्त्रम. त्या प्रांगणात उभ्या राहणाऱ्या आपल्या व्यापारी उपासकांच्या कानांवर त्याचा आवाज नक्कीच पडला असला पाहिजे. तो आवाज त्यांना कसा वाटला असेल, या प्रश्नावरून प्रस्तुत लेखाचा विचार सुरू झाला.

सिस्त्रम हे हातात धरून हलविण्याचे वाद्य आहे. मूठ, तिच्यावर घोड्याच्या नालेसारखी वाकविलेली धातूची चौकट, चौकटीतून आडव्या घातलेल्या तीन-चार सैल सळ्या आणि कधी त्या सळ्यांत ओवलेल्या चकत्या, अशी त्याची घडण असते. आपल्या चिपळ्यांतील पितळी चकत्या डोळ्यांपुढे आणल्या म्हणजे आवाजाची कल्पना येईल. दुसरा प्रकार देवळाच्या दर्शनी भागाच्या आकाराचा असतो. या प्रकारचे एक अतिप्राचीन सिस्त्रम न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे. ते अलाबास्टर दगडाचे असून त्यावर सहाव्या राजवंशातील तेती राजाचे नाव आहे, म्हणजे ते तथागतांच्या काळाहून सुमारे अठराशे वर्षे आधीचे आहे. मुठीच्या वरच्या टोकास बहुधा हाथोर देवीचे मुख असते आणि त्या मुखाला गाईचे कान असतात. देंडेरा येथील हाथोरच्या मंदिराचे तर खांबच सिस्त्रमच्या आकाराचे आहेत. इजिप्ती भाषेत या वाद्याचे एक नाव सेशेशेत. पपायरसच्या दाट बनातून वारा गेला म्हणजे होणाऱ्या सळसळीशी या नावाचा संबंध जोडतात. सिस्त्रम हा शब्द ग्रीकमधून आला, त्याच्या मुळाशी हलविणे हा धातू आहे.

हे वाद्य वाजविण्यामागील कल्पना स्पष्ट होती. हाथोर ही प्रसन्न असता प्रेमाची व आनंदाची देवता, परंतु कोपली म्हणजे सिंहिणीच्या रूपात मानवजातीचा संहार करावयास निघालेली. तिला शांत करावयाचे म्हणून तिच्यापुढे सिस्त्रम हलवावयाचे. राजा हलवीत असे, राणी हलवीत असे. अबू सिंबेलच्या लहान मंदिरात राणी नेफरतारी सिस्त्रम घेऊन उभी आहे. मंदिरांतून हे काम मुख्यतः प्रतिष्ठित घराण्यांतील स्त्रिया करीत, आणि ही गोष्ट त्या संस्कृतीच्या बाजूने नोंदविली पाहिजे. मात्र गाभाऱ्यात सामान्य माणसास प्रवेश नव्हता. वर्षातून काही दिवस देवतेची नौका खांद्यांवर बाहेर निघे, तेवढेच त्याचे दर्शन. एरवी तो बाहेर उभा राही.

पुढे इसिसची पूजा रोमन साम्राज्यभर पसरली आणि तिच्याबरोबर सिस्त्रमही. ग्रीक ग्रंथकार प्लुटार्क याने इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या आरंभी, म्हणजे साधारणतः गौतमीपुत्राच्या काळात, इसिस आणि ओसायरिस यांवर एक ग्रंथ लिहिला. त्यात तो सिस्त्रमचा अर्थ सांगतो: जगातील सर्व वस्तूंना हलते ठेवले पाहिजे, त्या सुस्तावू लागल्या की हलवून जागे केले पाहिजे. या आवाजाने तायफोन, म्हणजे इजिप्ती लोकांचा सेत, हा विनाशकारी देव दूर पळतो, असेही तो म्हणतो. हे वाचून आपल्यातील एखाद्या उत्साही अभ्यासकास येथे अनिच्चतेचा सिद्धांत दिसेल, आणि बुद्धमूर्ती मंदिरातच सापडल्यामुळे तो धम्मदूतांनीच तेथे नेला असे लिहिण्याचा मोहही होईल. आमचे मत तसे नाही. सर्व संस्कार अनित्य आहेत हे तथागतांनी सांगितले ते तृष्णेचा निरोध व्हावा म्हणून. प्लुटार्कच्या जगात कोणीतरी वाद्य हलवीत राहिले नाही तर सृष्टी थांबेल अशी भीती आहे. धम्माच्या जगात कोणी काही हलविले नाही तरी उदय-व्यय चालूच असतो. शब्द जवळ आले म्हणून विचार जवळ येत नाहीत. धम्माचा मोठेपणा अशा उसन्या पुराव्यांवर अवलंबून नाही.

मग वाद्यांविषयी धम्माची भूमिका काय? अष्टशीलातील सातव्या शीलावरून पुष्कळांची अशी समजूत होते की भगवंतांना वाद्यांचा तिटकारा होता. पाली वाङ्मय तसे सांगत नाही. सोण स्थविरांना अतिरेकी परिश्रमापासून परावृत्त करताना भगवंतांनी वीणेच्या तारांचाच दाखला दिला. महापरिनिब्बान सुत्तात कुसिनाराचे मल्ल तथागतांच्या देहाचा सत्कार नृत्य, गीत व वाद्यांनी करतात आणि त्यांना कोणी अडवीत नाही. धम्मप्रवर्तनाला अमृताची दुंदुभी म्हटले आहे. अशोकानेही आपल्या चौथ्या शिलालेखात भेरीघोषाचा धम्मघोष झाला असे नोंदविले. वाद्य आहे, त्याचा आवाज आहे, माणसाने तो ऐकावयाचा आहे. आवाजाने एखाद्या देवतेचा कोप शमवावयाचा आहे, ही कल्पना तेवढी नाही. ज्या धम्मात कोपणारा ईश्वरच नाही, तेथे तो शमविण्याचे वाद्य तरी कशास लागेल? त्रिरश्मीच्या लेखांत उषवदाताने चीवरांसाठी व कुशाणमूल्यासाठी तीन हजार कार्षापण विणकरांच्या श्रेणींकडे ठेवल्याची नोंद आहे. आभीर ईश्वरसेनाच्या काळातील लेखात आजारी भिक्खूंच्या औषधासाठी ठेव आहे. वाद्यांसाठी ठेव नाही.

असे असूनही बौद्ध परंपरेत एक वस्तू अशी आहे की जिची घडण पाहून सिस्त्रमची आठवण व्हावी. तिचे संस्कृत नाव खक्खर. पाली विनयात कत्तरदंड येतो, तो आधाराची काठी म्हणून. कड्यांची काठी मूलसर्वास्तिवादी विनयातील आहे. सातव्या शतकाच्या उत्तरार्धात भारतात आलेला चिनी भिक्खू इत्सिंग याने ती प्रत्यक्ष पाहिली आणि तिचे वर्णन इतके नेटके केले की एखाद्या लोहाराने ते वाचून काठी घडवावी. भुवईपर्यंत पोहोचणारी लाकडी काठी, टोकाला दोन-तीन इंच व्यासाचे लोखंडी कडे, त्यात अंगठ्याएवढ्या सहा किंवा आठ लहान कड्या. चालताना त्यांचा जो आवाज होतो तोच या शब्दात उतरला आहे, असे तो सांगतो. (सेशेशेत, खक्खर आणि आपले घुंगूर, तिन्ही शब्द कानाने घडविले आहेत, व्याकरणाने नव्हे.) काठीचा उपयोग काय? भिक्षेसाठी गावात शिरताना कुत्री आणि गुरे दूर राहावीत, इतकाच. घरात एकाएकी शिरून कोणास संकोचात पाडू नये म्हणून दारात ती दोन-तीनदा हलवावी, कोणी आले नाही तर पुढे जावे, असा मूलसर्वास्तिवाद्यांचा दंडक आहे.

इत्सिंग येथे एक तक्रारही करतो, आणि ती आम्हांस फार आवडते. काही लोक सबंध काठीच लोखंडाची करतात, तिला चार चार कडी लावतात, ती जड होते, सामान्य माणसाला उचलवत नाही. मूळ नियम असा नाही. पुढे चीन-जपानात तर कड्यांच्या संख्येला अर्थ चिकटले, सहा म्हणजे सहा पारमिता, बारा म्हणजे द्वादश निदाने. संयुत्त निकायातील आणि सुत्तात दसारहांच्या आनक नावाच्या नगाऱ्याची कथा आहे. नगारा फुटला की ते त्यात एक खुंटी ठोकीत. ठोकता ठोकता मूळ लाकूड नाहीसे झाले आणि खुंट्याच उरल्या. तथागतांच्या गंभीर सुत्तांचे पुढे असेच होईल, असा इशारा तेथे दिलेला आहे. कुत्री हाकण्याच्या काठीचे तत्त्वज्ञान झाले, हा त्यातलाच प्रकार.

आता आम्ही दुसऱ्या एका चिनी भिक्खूकडे वळतो. इत्सिंगच्या पावणेतीनशे वर्षे आधी, पाचव्या शतकाच्या आरंभी, फाहियान मध्यदेशातून प्रवास करीत होता. तेथील लोकांचे तो कौतुक करतो. ते प्राणिहत्या करीत नाहीत, मद्य पीत नाहीत. आणि लगेच लिहितो की यास अपवाद चांडाळांचा, ते वेगळे राहतात, आणि नगरात किंवा बाजारात शिरताना लाकडावर आघात करून आवाज करतात, म्हणजे लोकांना कळावे आणि त्यांनी बाजूला व्हावे. अस्पृश्यतेचा काळ ठरविताना परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1948 साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात ही साक्ष विचारात घेतली; ती तशीच न उचलता इतर पुराव्यांशी ताडून पाहिली आणि इ.स. 400 च्या सुमाराचा काळ निश्चित केला. आम्हांस येथे त्या साक्षीतील आवाज महत्त्वाचा वाटतो. दोन्ही प्रवासी एकाच धम्माचे भिक्खू, दोघांनीही माणसाच्या हातातील लाकडाचा आवाज नोंदविला. भिक्खूच्या काठीने कुत्री आणि गुरे दूर व्हावयाची होती. चांडाळाच्या लाकडाने माणसे दूर व्हावयाची होती.

हा आवाज पाचव्या शतकात संपला नाही. आपल्यापैकी ज्यांचे आजे-पणजे वेसकरकी करीत होते, त्यांच्या घरांत घुंगुरकाठीची आठवण अजून असेल. महार वतनातील वेसकराची पाळी ज्या घराकडे असे, त्या घरातील माणसाच्या हाती ही काठी येई. जाड सोट, टोकाला घुंगरे. ती घेऊन त्याने वेशीवर राखण करावयाची, सांगावे न्यावयाचे, सरकारी भरणा खजिन्यापर्यंत पोहोचवावयाचा, आणि संध्याकाळी घरोघर जाऊन अंगणाबाहेर उभे राहून ती आपटावयाची. घुंगरे वाजली की आतल्या बाईला कळे, वेसकर आला. आणि वरून भाकरीचा तुकडा टाकला जाई. काही वृद्ध या काठीविषयी अभिमानाने बोलतात हेही आम्ही ऐकले आहे. काठी हातात असणारा माणूस गावचा हक्कदार होता, बलुत्यावर त्याचा अधिकार होता, असे ते म्हणतात. त्यांचा अनादर आम्ही करणार नाही. ज्या काळात हक्क म्हणून दुसरे काहीच हाती नव्हते, त्या काळात माणूस काठीलाच हक्क म्हणणार.

परंतु घुंगुरकाठी आणि खक्खर शेजारी ठेवून पाहा. दोन्ही लाकडाच्या, दोन्हींच्या टोकाला धातूचा नाद, दोन्ही परक्याच्या दारात अन्नासाठी वाजविल्या जातात. भिक्खूने कड्या वाजविल्या तर गृहस्थ बाहेर येऊन हात जोडतो, आपल्या हाताने पात्रात वाढतो. कोणी आले नाही तर भिक्खू पुढच्या दाराला जातो, कारण तो कोणाचा बांधील नाही. वेसकर पुढच्या दाराला गेला तरी पाळीतून सुटत नव्हता, त्याचा मुलगाही सुटत नव्हता. भिक्खूची काठी त्याने प्रव्रज्येबरोबर आपल्या इच्छेने घेतली. वेसकराची काठी जन्माबरोबर आली. ज्या वस्तूत एवढे साम्य आहे, तिच्यात एवढा फरक कोठून आला? लाकडातून नाही, कड्यांतूनही नाही. थेरगाथेतील सुनीत स्थविरांचा वृत्तान्त येथे आठवतो. हलक्या मानलेल्या कुळातील हा माणूस कोमेजलेली फुले झाडून काढण्याचे काम करी. भगवंत भिक्खुसंघासह राजगृहात प्रवेश करताना त्याला दिसले आणि त्याने खांद्यावरील ब्याभंगी, म्हणजे ओझ्याचे दांडके, खाली ठेवले व वंदनासाठी तो पुढे झाला. भगवंतांनी त्यास दूर हो म्हटले नाही. भिक्खू, ये, असे म्हटले.

बाबासाहेबांनी मार्च 1928 मध्ये मुंबई कायदेमंडळात महार वतनासंबंधीचे दुरुस्ती विधेयक मांडले, तेव्हा त्यांच्यापुढे हीच बांधिलकी होती. बलुत्याच्या जागी रोख मोबदला यावा आणि वतनदाराला जमीन रयतवारीने राखून चाकरीतून मोकळे होता यावे, असा त्याचा हेतू होता. विधेयक पुढे गेले नाही. वतने गेली ती 1958 च्या कायद्याने. मधल्या काळात याच नाशिकात 2 मार्च 1930 रोजी काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला आणि पाच वर्षे चालला. आतली घंटा ज्यांनी शतकानुशतके बाहेरून ऐकली, ते दारांशी येऊन बसले. दारे उघडली नाहीत. 13 ऑक्टोबर 1935 रोजी याच जिल्ह्यातील येवले येथे बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली, आणि त्या घंटेचा प्रश्न आपल्यापुरता मिटला.

आमच्या लहानपणी सिन्नर तालुक्यातील आमच्या घरी दाराच्या कोपऱ्यात एक काळवंडलेली काठी उभी असे. तिच्या वरच्या टोकाला तीन भोके होती. त्यांतून सुतळी ओवून आम्ही मुले घोडा घोडा खेळत असू. ती भोके कशाची, हे विचारण्याचे आम्हांस कधी सुचले नाही. पुढे विनयपिटक शिकताना कत्तरदंड हा शब्द आला, तेव्हा सुट्टीत घरी जाऊन आजोबांना विचारले. ते म्हणाले, घुंगरांची भोके. 1956 च्या दीक्षेनंतर त्यांनी घुंगरे पकडीने तोडून मोडीत दिली होती. काठी मात्र ठेवली. बाभळीची होती, चांगली होती, म्हातारपणी लागणार होती. भगवंतांनी आजारी व अशक्त भिक्खूस ज्या कारणासाठी काठीची अनुज्ञा दिली, त्याच कारणासाठी.

संस्थेच्या पाली वर्गात गेल्या वर्षी एका विद्यार्थिनीने आम्हांस विचारले की विहारात घंटा असावी काय. तिच्या वस्तीतील विहारात कोणी उपासकाने घंटा दान दिली होती आणि त्यावरून दोन तट पडले होते. एक पक्ष म्हणत होता की ही देवळाची खूण आहे, काढून टाका. आम्ही तिला अट्ठकथांतील उतारे दाखविले, तेथे घंटी वाजवून संघास एकत्र बोलाविल्याचे उल्लेख आहेत. इत्सिंगनेही विहारांत घटिका मोजून वेळ वाजविली जात असल्याचे नोंदविले आहे. तेव्हा घंटा राहू द्यावी, परंतु ती बुद्धमूर्तीसमोर टांगू नये. बाहेरच्या ओसरीत टांगावी, वंदनेच्या वेळेआधी एकदा वाजवावी, आणि वाजविण्याचे काम वस्तीतील मुलामुलींनी आळीपाळीने करावे, असे आम्ही सुचविले. पुढे ती ओसरीत हलविण्यात आल्याचे कळले. मूर्तीसमोरचा हूक मात्र अजून तसाच आहे, असेही ती सांगत होती.